दहावीला ८८ टक्के, अकरावीत २५ पैकी ४

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पालकांचा एक प्रश्न माझ्याकडे जवळजवळ त्याच शब्दांत येतो. दहावीपर्यंत वर्गात पहिल्या तिनांत असलेले मूल अकरावी विज्ञानाच्या पहिल्याच घटक चाचणीत नापास कसे होते? त्याच्या पाठोपाठ, गावच्या शाळेने काही करूनच घेतले नाही का, हा दुसरा प्रश्न असतो. तिसऱ्याचे उत्तर त्यांना त्याच दिवशी हवे असते, कारण खिशातले पैसे कापसाच्या पहिल्या वेचणीचे असतात आणि ते फार दिवस खिशात राहणार नसतात: मुलाला यवतमाळला किंवा नागपूरला शिकवणीला ठेवू का?

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहून मी आसपासच्या माध्यमिक शाळांतील आणि कनिष्ठ महाविद्यालयांतील मुलांसाठी समुपदेशनाचे काम करते. या तिन्ही प्रश्नांवर मी पालकांशी पुष्कळ बोलले आहे, पण एका मुलीच्या प्रकरणात मला जे समजले ते त्या बोलण्याहून अधिक उपयोगाचे आहे, असे वाटते. तिचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. तिला वैष्णवी म्हणू.

तिचे वडील बाजाराच्या दिवशी तिला घेऊन आले. सदऱ्याच्या बाहीला कापसाचे तंतू चिकटलेले होते. त्यांनी प्लास्टिकच्या फाइलमधून दहावीचे गुणपत्रक काढले, ते टेबलावर नीट ठेवले आणि त्याच्या शेजारी चार घड्या पडलेली भौतिकशास्त्राची उत्तरपत्रिका उलगडली. गुणपत्रकावर ८८.६० टक्के होते, उत्तरपत्रिकेवर २५ पैकी ४. "मॅडम, पोरगी तेच हाये ना? मंग मार्क कुठी गेले?" असे त्यांनी विचारले, आणि मी काही बोलण्याआधीच पुढे म्हणाले, "शाळेनं आमाले फसोलं, का हे पोरगी फसोते, तेवढं सांगा." वैष्णवी ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत खाली पाहत होती. आठ दिवसांपासून ती महाविद्यालयात गेली नव्हती, कारण सकाळी गाडीची वेळ झाली की तिच्या पोटात दुखू लागे.

येथे मला माझी एक जुनी चूक सांगितली पाहिजे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका मुलाला मी "मेहनत कमी पडते आहे, वेळापत्रक कर" असे सांगून घरी पाठवले होते. त्याने वेळापत्रक केले, पाळलेही, आणि दुसऱ्या चाचणीतही नापास झाल्यावर आपल्याला बुद्धीच नाही अशी खात्री करून घेऊन शिक्षण सोडले. त्याच्या उत्तरपत्रिका मी कधी पाहिल्याच नव्हत्या. तेव्हापासून माझा नियम असा आहे की, मुलाच्या मनाविषयी काही बोलण्याआधी त्याची उत्तरपत्रिका वाचायची. पोटदुखीच्या बाबतीतही पालक अनेकदा "नाटक आहे" असे म्हणतात, तसे मी कधी गृहीत धरत नाही. वैष्णवीला आधी डॉक्टरांना दाखवून घेतले, त्यांनी तपासून काळजीचे कारण नाही असे सांगितले, आणि मग आम्ही बोलायला बसलो.

वडिलांना बाजार करून यायला सांगितले. वैष्णवीपुढे मी तीच उत्तरपत्रिका ठेवली. पहिला प्रश्न इंग्रजीत होता: स्केलर आणि व्हेक्टर राशी म्हणजे काय ते लिहून प्रत्येकी एक उदाहरण द्या. त्याची जागा तिने कोरी सोडली होती. मी तिला मराठीत विचारले, "बेटा, अदिश आणि सदिश राशी म्हणजे काय, आठवते का?" तिने मान वर केली आणि एका दमात सांगितले की अदिश राशीला फक्त परिमाण असते, सदिश राशीला परिमाण आणि दिशा दोन्ही असतात, चाल अदिश आहे आणि वेग सदिश, कारण "वेगाले दिशा असते". नववीच्या पहिल्याच पाठात तिने हे शिकलेले होते आणि ते तिला पक्के येत होते. मी कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हटले, "मग येथे हेच तर विचारले आहे." ती बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, व्हेक्टर म्हंजे सदिश?"

अकरावीच्या भौतिकशास्त्राचे तास सुरू होऊन दोन महिने झाले होते. त्या काळात तो शब्द तिने फळ्यावर रोज पाहिला होता, वहीत उतरवून घेतला होता, आणि तो आपल्याला आधीपासून माहीत असलेल्या गोष्टीचे दुसरे नाव आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते. विचारावे तर सत्तर मुलांच्या वर्गात हात कोण वर करणार, आणि तेही ८८ टक्के मिळवून आलेल्या मुलीने? तालुक्यातल्या सेमी इंग्रजीच्या मुलांना हे शब्द आठवीपासून ओळखीचे होते. त्यांच्या शेजारी बसून तिने मनाशी काढलेला निष्कर्ष, आपण मठ्ठ आहोत हा, मला मुळीच नवलाचा वाटला नाही.

या ठिकाणी पालक लगेच म्हणतील की मग इंग्रजी माध्यमच बरे. माझे मत तसे नाही. वैष्णवीला वेग आणि चाल यांतला फरक समजला होता, आणि तो मातृभाषेत शिकल्यामुळेच इतका स्वच्छ समजला होता. इंग्रजी माध्यमातली कितीतरी मुले दोन्ही शब्द बिनचूक लिहितात आणि फरक विचारला की गप्प बसतात. आपल्याकडे अकरावी विज्ञानाला माध्यम बदलते हे सर्वांना वर्षानुवर्षे ठाऊक आहे. तरी त्या बदलाची तयारी कोणत्या वर्गात, कोणत्या तासाला करायची, हे कोणीच ठरवत नाही. दहावीची शाळा म्हणते की ते काम अकरावीचे आहे, आणि अकरावीचे शिक्षक म्हणतात की मुले आम्हाला तयार होऊन मिळाली पाहिजेत.

मग आम्ही दहावीचे गुणपत्रक हातात घेतले. मराठी ८८, हिंदी ८६, गणित ८७, विज्ञान ९०, सामाजिक शास्त्रे ९२, अशी पाच विषयांची बेरीज ४४३ होते आणि तिचेच ५०० पैकी ८८.६० टक्के होतात. सहावा विषय इंग्रजी होता आणि त्यात ६१ गुण होते. आपल्या मंडळाच्या पद्धतीत सहांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून टक्केवारी काढली जाते, त्यामुळे सर्वांत कमी गुणांचा विषय आपोआप बाहेर पडतो. नेमका तोच विषय, ज्याची अकरावीत पहिल्या दिवसापासून गरज पडणार होती, तो बाजारात, नातेवाइकांत आणि शाळेच्या अभिनंदनाच्या फलकावर मिरवलेल्या आकड्याच्या बाहेर होता. शिवाय प्रत्येक विषयातील १०० पैकी २० गुण शाळेच्या हातचे असतात, आणि ते बहुतेक शाळांत १८-१९ च्या खाली जात नाहीत. वडील परत आल्यावर त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी हेच दिले: गुण कुठे गेले नाहीत, हे ६१ पहिल्यापासून येथेच होते, फक्त आपण ते मोजले नव्हते. त्यांनी गुणपत्रक हातात घेऊन बराच वेळ त्या ओळीवरून अंगठा फिरवला.

भाषा हे अर्धे कारण होते. उरलेले अर्धे मला थोड्या वेळाने सापडले. मी तिला गतीचे एक समीकरण मराठीतच घातले आणि त्यातून काळ काढायला सांगितला. समीकरण तिला तोंडपाठ होते, पण काळ डाव्या बाजूला आणणे तिला जमेना, कारण दहावीत ज्या प्रकारची उदाहरणे "आयएमपी" म्हणून करून घेतली होती त्यांत काळ दिलेला असे आणि अंतर काढायचे असे. तिने खुलाशादाखल मला ती वही दाखवली. अत्यंत सुवाच्य अक्षरात मागील पाच वर्षांचे प्रश्न, त्यांची सरांनी सांगितलेली उत्तरे, आणि समासात कोणता प्रश्न किती वेळा आला याच्या खुणा. अशी वही पाहून मला दरवेळी कौतुक आणि खेद दोन्ही वाटतात.

त्यात आणखी एक गाठ होती. अकरावीचा अर्ज ज्या दुकानात भरला, तेथील माणसाने "गणित सोडून द्या, मुलीसाठी मेडिकल लाइन बरी" असे सांगितले आणि घरच्यांनी ते ऐकले. गणित सोडल्याने अभियांत्रिकीचा रस्ता बंद होतो एवढे तरी त्याने सांगायला हवे होते. पण गणित सोडले म्हणून ते सुटत नाही, हे त्यालाही माहीत नसावे. अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला दुसरा पाठच गणिती पद्धतींचा आहे. त्यात सदिशांची बेरीज आहे, विकलन आणि संकलन (डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन) यांची ओळख आहे, आणि जीवशास्त्र घेतलेल्या मुलांनाही तो पाठ चुकत नाही. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाल्यावर तर हे विषयांचे आणि महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाचे निर्णय खेड्यापाड्यांत अशा दुकानांतल्या संगणकासमोर, मागे रांग उभी असताना, दहा मिनिटांत होऊ लागले आहेत.

त्या दिवशी आम्ही एवढेच ठरवले की वैष्णवी उद्यापासून गाडीने जाईल, पहिला महिनाभर कोणत्याही चाचणीच्या गुणांविषयी घरात कोणी बोलणार नाही, आणि ती दोन रकान्यांची एक वही करील. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, रोज आठ शब्द. शब्द आणायचे कुठून, तर तिच्याच नववी-दहावीच्या पुस्तकांतून, कारण बालभारतीच्या मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकांत अनेक संज्ञांपुढे कंसात इंग्रजी शब्द छापलेला असतो. "कंसातलं वाचाचं नसते, सर म्हणत, ते परीक्षेत येत नाही," असे ती म्हणाली तेव्हा मला हसू आवरले नाही. तिची पुस्तके चुलत भावाकडे गेली होती, पण बालभारतीच्या संकेतस्थळावरून ती मोफत मिळतात, त्यामुळे वडिलांच्या मोबाइलवर ती लगेच उतरवून दिली. महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या सरांना मी भेटले आणि नवी संज्ञा आली की एकदा तिचा मराठी शब्द उच्चारावा, एवढीच विनंती केली. त्यांनी ती मनापासून मान्य केली, कारण ते स्वतः याच भागातल्या मराठी शाळेतून आलेले होते. त्यांनाही पहिल्या वर्षी हेच झाले होते, पण ते त्यांनी वर्गात कधी सांगितले नव्हते.

यानंतर मी वैष्णवीच्या गावच्या शाळेत गेले. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण तेथे जे पाहिले ते मी अनेक शाळांत पाहते. प्रवेशद्वारावर शंभर टक्के निकालाचा फलक होता. मुख्याध्यापकांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे आठवी ते दहावी विज्ञानाला एकच शिक्षक आहेत, त्यांच्याकडे मतदारयादीचेही काम आहे, आणि निकाल दोन टक्क्यांनी खाली आला तर पुढच्या वर्षी पालक मुले तालुक्याला नेतात. आम्ही निकाल सांभाळावा की तयारी?" हा प्रश्न प्रामाणिक होता आणि त्यावर टाळीचे वाक्य माझ्याकडे नव्हते. शाळा निकालावर मोजली जाते, आणि त्या मोजपट्टीत अकरावीत काय झाले याला रकाना नाही. दहावी संपली की मुलाचे नाव हजेरीपटावरून निघते आणि त्याचे पुढे काय झाले हे शाळेला एखाद्या लग्नात भेटल्यावरच कळते.

तरी शाळेच्या हातात काय आहे यावर आम्ही दोन तास बोललो, आणि त्यातल्या तीन गोष्टी पुढच्या वर्षी झाल्या. पहिली अगदी बिनखर्चाची: नववी-दहावीच्या विज्ञान-गणिताच्या तासाला फळ्यावर मराठी संज्ञेखाली इंग्रजी संज्ञा लिहायची आणि दर शनिवारी त्यांची तोंडी उजळणी घ्यायची. दुसरी अंतर्गत गुणांविषयी. ते गुण प्रात्यक्षिक प्रत्यक्ष करून घेतल्यावरच द्यायचे, असे शाळेने ठरवले. कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला सूक्ष्मदर्शक त्या निमित्ताने बाहेर आला, आणि त्याच्या भिंगाला बुरशी धरलेली निघाली. तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची होती. दहावीची परीक्षा मार्चच्या मध्यास संपते आणि अकरावी खऱ्या अर्थाने सुरू व्हायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. या चार महिन्यांत आपली मुले लग्नांत वाढपी होतात, पऱ्हाट्या उपटतात, मोबाइल पाहतात, आणि जूनमध्ये पेरणीला लागतात. शाळेने एप्रिलमध्ये तीन आठवडे सकाळी सात ते नऊ सेतूवर्ग घेतला, कारण नऊनंतर आपल्याकडच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत बसवत नाही. त्यात समीकरणाची बाजू बदलणे, त्रिकोणमितीची उजळणी, इंग्रजी पुस्तकाचे एक पान वाचून त्यातले काय समजले ते मराठीत सांगणे, एवढेच होते. बोलावलेल्यांपैकी निम्मी मुलेही आली नाहीत. पण आलेल्यांत कला शाखेला जाणारी दोन मुले होती, ती का आली हे मला अजून समजलेले नाही.

करिअर मार्गदर्शनाचे एक शिबिरही व्हावे अशी मुख्याध्यापकांची इच्छा होती. त्यांना मी नको म्हटले. बाहेरून आलेला वक्ता दीड तासात पन्नास अभ्यासक्रमांची नावे सांगतो, मुले टाळ्या वाजवतात, आणि संध्याकाळी विचारले तर त्यांच्या लक्षात फक्त त्याने सांगितलेला विनोद असतो. त्याऐवजी नववीच्या प्रत्येक मुलाने दिवाळीच्या सुटीत एक दिवस कोणाचे तरी काम जवळून पाहावे आणि त्यावर एक पान लिहावे, असे सुचवले.

हे मी सुचवू शकले ते वैष्णवीमुळे. तिला काय व्हायचे आहे असे विचारले तेव्हा तिने डॉक्टर असे सांगितले होते. मी विचारले की प्राथमिक आरोग्य केंद्रात कोण कोण काम करतात, तर ती म्हणाली, "डॉक्टर अन् सिस्टर." त्या केंद्रातल्या डॉक्टरांच्या परवानगीने दिवाळीच्या सुटीत ती एक सकाळ तेथे बसली. औषध निर्माण अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आरोग्यसेविका, उपकेंद्रातून आलेल्या समुदाय आरोग्य अधिकारी, अशी माणसे आणि त्यांच्या शिक्षणाच्या निरनिराळ्या वाटा तिने विचारून वहीत लिहिल्या. परिचर्येची पदविका बारावीनंतर तीन वर्षांची असते आणि तिला कोणत्याही शाखेची मुलगी पात्र असते, हे तिला तेथेच कळले. मात्र तंत्रज्ञाने मलेरियाच्या तपासणीसाठी एका बाळाच्या बोटातून रक्त घेतले तेव्हा वैष्णवीला गरगरले आणि ती बाहेर पायरीवर येऊन बसली. हे तिने मला फार संकोचून सांगितले. सराव झाला की असे गरगरणे पुष्कळांचे जाते, हे मी तिला सांगितले. पण त्यानंतर तिने स्वतःहून विचारले की जीवशास्त्र घेऊन डॉक्टर झाले नाही तर काय होता येते.

तेव्हा तिची आणखी एक वही माझ्या पाहण्यात आली. गुलाबी बोंडअळीसाठी वडिलांनी कृषी सहायकांच्या सांगण्यावरून शेतात कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून अडकवणारे सापळे, लावले होते, आणि रोज सकाळी त्यांत किती पतंग अडकले हे मोजून लिहिण्याचे काम नववीपासून वैष्णवीकडे होते. दर सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा अधिक पतंग आले की फवारणीची वेळ झाली असे समजतात. तिच्या वहीत तारखांचे उभे रकाने, सापळ्यांचे क्रमांक, पाऊस पडला त्या दिवशी छोटीशी छत्री काढलेली, आणि खाली तीन-तीन दिवसांची सरासरी होती. हे तिने कोणत्याही विषयाच्या प्रकल्पात दाखवले नव्हते. शाळेत तिने दिलेला प्रकल्प दुकानात मिळणाऱ्या छापील चित्रांचा होता. २५ पैकी ४ मिळवणाऱ्या मुलीच्या हातची ही वही आहे, हे मी तिच्या वडिलांना दाखवले, तर ते म्हणाले, "हे तं घरचं काम हाये, मॅडम."

त्यांच्याशी माझे खरे मतभेद येथे सुरू झाले. बी. एस्सी. कृषीचे प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून, एमएचटी-सीईटीतून होतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या गटाची परीक्षा त्याला चालते आणि तीच औषधनिर्माणशास्त्रालाही चालते, म्हणजे गणित सोडल्याने हे दोन्ही दरवाजे बंद झालेले नाहीत. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि १९०६ सालापासून चालत आलेले नागपूरचे कृषी महाविद्यालय आपल्याच विदर्भात आहेत. मी हे सांगत असताना ते मध्येच म्हणाले, "पोरीले शेतीतून बाहेर काढाले शिकवून राह्यलो, अन् तुमी पुन्हा शेतीतच टाकता." या वाक्यामागे भाव न मिळालेली किती वर्षे होती ते मला ठाऊक होते, म्हणून मी वाद घातला नाही. कृषी पदवीनंतर बँकांत कृषी क्षेत्र अधिकारी, राज्याच्या कृषी सेवेत अधिकारी, बियाणे कंपन्यांत संशोधन, अशा जागा असतात, त्यांना स्पर्धाही असते, एवढे सांगितले. निर्णय त्या दिवशी झाला नाही.

शिकवणीचा प्रश्न मात्र त्यांनी पुन्हा काढला. नातेवाइकांपैकी कोणीतरी त्यांना असा रस्ता सुचवला होता की मुलीचे नाव एखाद्या लांबच्या महाविद्यालयाच्या पटावर ठेवायचे, तेथे ती जाणार नाही, आणि शहरात खोली करून दोन वर्षे फक्त 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची शिकवणी करायची. माझे मत मी त्यांना स्पष्ट सांगितले. नीट १८० प्रश्नांची आणि ७२० गुणांची परीक्षा आहे, तिची प्रश्नपत्रिका मराठीतही घेता येते, पण शिकवणीतले सारे शिकवणे आणि पुस्तके इंग्रजीतच असतात. ज्या मुलीला आज वर्गातले शब्द ओळखू येत नाहीत तिला अधिक वेगाने शिकवणाऱ्या आणि अधिक अनोळखी वर्गात बसवल्याने शब्द ओळखीचे होत नाहीत. गावाहून तिला मुलींसाठीची मानव विकास कार्यक्रमाची निळी एसटी गाडी आहे, बारावीपर्यंत पास मोफत आहे, संध्याकाळी ती आईच्या हातचे जेवते. हे सोडून खोलीभाडे, खानावळ आणि शिकवणीचे शुल्क यांसाठी कर्ज काढायचे असेल तर निदान एक वर्ष थांबावे आणि ती स्वतः पुस्तक वाचू लागली की मग पाहावे. ते थांबले. मला वाटते, माझ्या युक्तिवादापेक्षा त्या वर्षीच्या कापसाच्या भावामुळे थांबले.

मी त्यांना आग्रहाने एक काम मात्र लगेच करायला लावले, आणि ते कागदांचे होते. इतर मागास प्रवर्गातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला, त्याची वैधता, नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. यांतली वैधता ही जिल्हा जात पडताळणी समितीकडून यावी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून अकरावी-बारावीतच महाविद्यालयामार्फत अर्ज करायचा असतो. या प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. वैष्णवीच्या आजोबांचे नाव शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत मिळाले नाही, कारण ते शाळेतच गेले नव्हते, आणि शेवटी तहसीलमधून पणजोबांच्या काळच्या कोतवाल बुकाची, म्हणजे गावातील जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढावी लागली. त्यासाठी चार खेपा झाल्या. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत पद्धतीने प्रवेश मिळालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असलेल्या या प्रवर्गातील मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण कागद वेळेत नसेल तर ती माफी हातची जाते. आणि हे सर्व जूनमध्ये, म्हणजे बियाणे-खताला पैसे लागतात त्याच पंधरवड्यात उपटते. मुलांना पुढच्या शिक्षणासाठी तयार करणाऱ्या माणसांत मी माध्यमिक शाळेच्या लिपिकाला फार वरचे स्थान देते. आठवीतच "तुझ्या पणजोबांचा कागद घरी आहे का बघ" असे विचारणारा लिपिक ज्या शाळेत आहे, तेथील मुले बारावीनंतर कमी रडतात, असा माझा अनुभव आहे.

वैष्णवीला दुसऱ्या घटक चाचणीत भौतिकशास्त्रात २५ पैकी ११ गुण मिळाले आणि रसायनशास्त्रात १५. पोटदुखी नोव्हेंबरपर्यंत आठवड्यातून एखादे वेळी येत राहिली, नंतर कधी थांबली ते तिलाही सांगता येत नाही. दोन रकान्यांची वही जानेवारीत संपली; ती वर्गातल्या मुली एकमेकींकडून नेत असतात आणि सध्या कोणाकडे आहे ते माहीत नाही, असे तिने सांगितले. अकरावी ती ५८ टक्क्यांनी उत्तीर्ण झाली. ८८ नंतरचा हा आकडा वडिलांनी कोणालाच सांगितला नाही, पण या वेळी त्यात इंग्रजी धरलेले होते.

आता ती बारावीत आहे. वैधता प्रमाणपत्र आले आहे. सीईटी आणि नीट हे दोन्ही अर्ज भरायचे, असे बाप-लेकीत ठरले आहे. नीटचा अर्ज वडिलांसाठी आणि सीईटीचा आपल्यासाठी, असे ती हसत म्हणाली. परवा सकाळी मी कागदांविषयी बोलायला फोन केला तेव्हा वडील शेतात होते. माझ्याशी बोलता बोलता त्यांनी फोन कानापासून जरा दूर धरला आणि ओरडून विचारले, "वैष्णवे, आज किती?" लांबून आवाज आला, "साडेसहा, बाबा. सरासरी." ते परत फोनवर आले आणि म्हणाले, "नाई मॅडम, आज फवारत नाही. बोला."